मजूरमंत्री बाबासाहेब आणि आमच्या पोरांचा आय.टी.आय.चा दाखला

गेल्या पावसाळ्यात मंडणगड तालुक्यातला एक तरुण रत्नागिरीत आमच्या ऑफिसात आला. जयभीम घातला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद टेबलावर ठेवले. दहावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला आणि फिटर ट्रेडचे आय.टी.आय.चे प्रमाणपत्र. दोन वर्षे त्याने कानस चालवली, मापे घ्यायला आणि ड्रॉइंग वाचायला तो शिकला, परीक्षा पास झाला. पुढे एका कारखान्यात त्याला शिकाऊ म्हणून घेतले. तिथल्या माणसाने पहिल्याच दिवशी सांगितले की आय.टी.आय. वगैरे इथे चालत नाही, इथे सगळे पहिल्यापासून. करारनामा नाही, कुठे नोंद नाही. अकरा महिने त्याने गोणी उचलल्या आणि शेड झाडली. ज्यांच्याकडे कुठलाच दाखला नव्हता, पण कोणाची तरी ओळख होती, ती पोरे त्याच्या डोळ्यांदेखत मशीनवर उभी राहिली. तो पैशासाठी भांडायला आला नव्हता. त्याला एवढेच विचारायचे होते की शाळेत घालवलेली ती दोन वर्षे कुठे जमा धरली जातात की नाही.

कायद्याचे उत्तर आम्ही त्याला दिले. ते पुढे येईलच. पण तो गेल्यावर आम्ही बराच वेळ विचार करीत बसलो. ज्या मंडणगड तालुक्यातून हे पोर आले, त्याच तालुक्यात आंबडवे आहे. परमपूज्य बाबासाहेबांचे मूळ गाव. आणि या पोराचा प्रश्न बाबासाहेबांनी आयुष्यभर वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या राज्यकर्त्यांपुढे मांडला होता. आम्ही दर १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला घटनाकार बाबासाहेब सांगतो, महाडचे बाबासाहेब सांगतो, दीक्षाभूमीचे बाबासाहेब सांगतो. पण गिरणीच्या विणाई खात्याच्या दारात, रेल्वेच्या वर्कशॉपच्या दारात आमच्या माणसासाठी उभे राहिलेले बाबासाहेब सांगायचे आम्ही विसरतो. आज तेच सांगायचे आहे.

काठी-घोंगडी आणि दापोलीचा कॅम्प

कोकणातल्या जुन्या गावात हुन्नर शिकण्याची शाळा नव्हती असे नाही. होती. सुताराचा मुलगा बापाच्या हाताखाली रंधा धरायला शिकत होता, लोहाराचा मुलगा भाता ओढता ओढता घण मारायला शिकत होता, सोनाराचा मुलगा फुंकणी घेऊन बसत होता. शिकाऊ उमेदवारी म्हणतात ती हीच. फक्त तिचा प्रवेश अर्ज जन्माने भरला जात होता. त्या शाळेत महाराच्या पोराला जागा नव्हती. त्याच्या वाट्याला वतनाची काठी-घोंगडी, सरकारी सांगावे, लाकडे फोडणे, मेलेली ढोरे ओढणे आणि खोताची वेठ. रात्रंदिवस कष्ट, पण त्या कष्टातून उद्या बाजारात विकता येईल असे कसब हाती लागत नव्हते. हे कष्ट शिकवण्यासाठी उस्ताद लागत नाही आणि त्यांचा दाखलाही मिळत नाही.

या कोंडीतून बाहेर पडायची एक वाट इंग्रजांच्या लष्कराने उघडली. दापोलीला लष्करी पेन्शनरांची मोठी वस्ती होती. बाबासाहेबांचे आजोबा मालोजी सैन्यात होते. वडील रामजी सैन्यात गेले, तिथेच शिकले आणि लष्करी शाळेत शिक्षक व पुढे मुख्याध्यापक झाले, सुभेदार पदापर्यंत चढले. लष्करात सैनिकांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. म्हणजे ज्या घरात बाबासाहेब १४ एप्रिल १८९१ रोजी महूला जन्मले, त्या घराचे उभे राहणे एका सरकारी प्रशिक्षणावर झाले होते. आणि नेमके त्याच सुमारास, १८९२-९३ च्या दरम्यान, महारांची सैन्यभरती सरकारने बंद केली. रामजी सुभेदारांनी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेऊन त्याविरुद्ध अर्ज केला, उपयोग झाला नाही. बाबासाहेब पाळण्यातून उतरत होते तेव्हाच एका सरकारी हुकमाने समाजाचे दार कसे मिटते, हे त्यांच्या घराने अनुभवले.

निवृत्तीनंतर रामजी कुटुंब घेऊन दापोलीला आले. बाबासाहेबांच्या बालपणाची काही वर्षे या आपल्या जिल्ह्यात गेली. पुढे सातारा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर त्यांचे नाव लागले. १९०६ साली रमाईशी लग्न झाले. रमाई दापोलीजवळच्या वणंदच्या. त्यांचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहून पोट भरत होते. डोक्यावर टोपली, पायाखाली बंदराचा चिखल. कसबाची दारे बंद असलेल्या समाजाला एवढेच काम शिल्लक राहते. बाबासाहेबांनी पुढे मजुरीवर, हुन्नरावर, कारखान्यावर जे लिहिले आणि केले, त्यामागे अशी माणसे होती.

गिरणीतला धोटा

मुंबईला आल्यावर आंबेडकरांचे बिऱ्हाड परळच्या डबक चाळीत होते, नंतर पोयबावडीच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत. एका बाजूला गिरण्यांची भोंगी, दुसऱ्या बाजूला कोकणातून पोट घेऊन आलेले चाकरमानी. एल्फिन्स्टन, बडोद्याची शिष्यवृत्ती, १९१३ साली कोलंबिया, मग लंडन, ग्रेज इन, डी.एस्सी. ही सगळी यादी आमच्या वाचकांना पाठ आहे, ती पुन्हा लिहीत नाही. लक्षात घ्यायचे ते हे की अर्थशास्त्राच्या एवढ्या मोठ्या पदव्या घेऊन आलेला हा माणूस परत गिरणगावातल्या चाळीतच राहायला आला आणि १९३४ पर्यंत तिथेच राहिला. जिन्याने येताजाता त्यांना भेटणारी माणसे गिरणीत कोणत्या खात्यात काम करतात, त्यांना पगार किती आणि बढती का नाही, हे त्यांना अहवाल वाचून कळायची गरज नव्हती.

गिरणीत चांगला पगार विणाई खात्यात. तिथे अस्पृश्याला प्रवेश नव्हता. कारण ऐकले तर आजच्या पोरांना खोटे वाटेल. धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी भरून तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागत असे. एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. म्हणून सवर्ण विणकरांचे म्हणणे की महाराला विणाई खात्यात घेतले तर आमचा धर्म बुडेल. एका धाग्याच्या तोंडाने हजारो माणसे कमी पगाराच्या कताईत आणि झाडलोटीत अडकून पडली. कायद्याने कुठेही बंदी लिहिलेली नव्हती. मालकाने फलक लावला नव्हता. बंदी होती ती शेजारी उभ्या असलेल्या कामगाराच्या मनात.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिन्यांचा मोठा संप झाला. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट सांगितले की सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्य कामगारांचा हक्क तुमच्या मागण्यांत घेणार नसाल, तर आमच्या माणसांना संपापासून दूर राहायला सांगू. पुढाऱ्यांनी नाइलाजाने ती मागणी घेतली. मालकांपुढे ती गेली तेव्हा मालकांनी उलट सुनावले की हा अन्याय असेलच, तर तो आमचा नाही. आणि त्यात ते खोटे बोलत नव्हते. हुन्नराची दारे मालकही बंद करतो आणि सहकारी कामगारही बंद करतो, हा धडा बाबासाहेबांनी तिथे घेतला. जातिव्यवस्था ही कामाची वाटणी आहे असे जे सांगतात त्यांना पुढे त्यांनी जे उत्तर दिले, की ही तर काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, त्याचे मूळ केवळ ग्रंथात नाही. ते विणाई खात्यातही आहे.

त्याच काळात मुंबई सरकारने ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. १९३० साली अहवाल आला. त्यात शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे होतीच. पण त्याबरोबर अस्पृश्य मुलांना गिरण्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये औद्योगिक शिक्षण घेता यावे म्हणून शिष्यवृत्त्या द्याव्यात अशीही शिफारस होती. शाळेचा पैसा कारखान्याच्या आत खर्च करावा, ही कल्पना आमच्या मुलांसाठी ९० वर्षांपेक्षा आधी मांडली गेली होती. आज कौशल्य विकासाच्या नावाने जी मंडळी परिषदा भरवतात, त्यांनी तो अहवाल एकदा उघडून पाहावा.

खोतीपासून मनमाडपर्यंत

आपल्या रत्नागिरीशी बाबासाहेबांचा संबंध फक्त मूळ गावापुरता नव्हता. १४ एप्रिल १९२९ रोजी ते चिपळूणला रत्नागिरी जिल्हा शेतकरी परिषदेच्या अध्यक्षपदी होते. खोतीच्या जुलमाखाली कुणबी आणि महार दोघेही पिचलेले होते आणि बाबासाहेबांनी दोघांची बाजू घेतली. १५ ऑगस्ट १९३६ रोजी त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ ला कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर नेले. हा इतिहास आपल्याकडे बऱ्यापैकी सांगितला जातो. पण याच स्वतंत्र मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यात धंदेशिक्षणाच्या मोठ्या कार्यक्रमाची मागणी होती, हे फारसे कोणी सांगत नाही. जमीन कसणाऱ्याची झाली तरी कोकणातल्या तुकड्या-तुकड्याच्या वरकस जमिनीवर सगळ्यांची पोटे भरणार नाहीत, हे त्या अर्थशास्त्रज्ञाला दिसत होते. खोताच्या तावडीतून सुटलेल्या पोराच्या हाताला हुन्नर मिळाला नाही, तर त्याला मुंबईत जाऊन पुन्हा हमालीच करावी लागणार होती.

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले ते याच परिषदेत. त्या भाषणाचे हेच एक वाक्य आमच्या लोकांना माहीत आहे. पण त्यांनी तिथे रेल्वेतल्या कामाचा बारीक हिशेब मांडला होता. आमचा माणूस रुळावर गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरी कामे सांगितली जातात आणि घरात महार कसा चालेल. वर्कशॉपमध्ये तो हरकाम्या म्हणून शिरतो, पण मिस्त्री, फोरमन होत नाही. ज्या शिडीवरून कारागीर वर चढतो, तिची पहिलीच पायरी त्याच्यासाठी काढून घेतलेली आहे. बाबासाहेबांचे दुखणे पगाराच्या आकड्याएवढेच नव्हते. शिकण्याचे आणि चढण्याचे दार बंद आहे, हे त्यांना अधिक लागत होते.

मजूरमंत्र्याच्या खुर्चीत

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री झाले आणि १९४६ च्या मध्यापर्यंत त्या जागेवर राहिले. ज्या घराण्यात काठी-घोंगडीचे वतन होते, त्या घराण्यातला माणूस सबंध देशाच्या मजुरांचा कारभारी झाला. खुर्चीवर बसल्यावर चारच महिन्यांत, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक सविस्तर निवेदन दिले. आमच्या वकील मित्रांनी हे निवेदन जरूर वाचावे. शैक्षणिक गाऱ्हाण्यांत त्यांनी दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. एक, उच्च शिक्षणासाठी देशात आणि परदेशात जाण्याची शिष्यवृत्ती. दुसरी, तांत्रिक प्रशिक्षणाची सोय. आणि दुसऱ्या गोष्टीसाठी त्यांनी मोघम मागणी केली नाही. सरकारच्या हातात असलेले छापखाने आणि रेल्वेची वर्कशॉप यांत अस्पृश्य मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्या, असे त्यांनी जागा दाखवून सांगितले. १९३० ची स्टार्ट समिती आणि १९३८ चे मनमाड यांचा धागा इथे येऊन मिळतो. बारा वर्षे एकच माणूस एकच दार ठोठावत होता.

त्या निवेदनातून फळ निघाले. ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या, १९४६ मध्ये त्या साडेबारा टक्के झाल्या. १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपल्या घराघरांतून जी शिष्यवृत्ती भरली जाते तिचा उगम तिथे आहे.

मजूर खात्याकडे तेव्हा महायुद्धासाठी सुरू झालेली तांत्रिक प्रशिक्षण योजना होती. लढाईला फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन हवे होते आणि जातीने शिकवलेले कारागीर पुरत नव्हते. म्हणून सरकारला पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर हुन्नर शाळेत शिकवावा लागला. काही शे भारतीय तरुण बेव्हिन योजनेखाली इंग्लंडच्या कारखान्यांत शिकायला गेले. याच काळात कुशल आणि अर्धकुशल कामगारांसाठी रोजगार विनिमय केंद्रे सुरू झाली. जुलै १९४५ मध्ये, बाबासाहेब मंत्री असतानाच, पुनर्वसन आणि रोजगाराचे महासंचालनालय उभे राहिले. त्यापुढे सुट्टी झालेल्या सैनिकांना हुन्नर आणि काम देण्याचा प्रश्न होता. याच महासंचालनालयाच्या छत्राखाली १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि सुरुवातीला देशात सुमारे ५० आय.टी.आय. निघाल्या.

इथे आम्हाला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे. आपल्यातले काही वक्ते व्यासपीठावरून सांगतात की आय.टी.आय. बाबासाहेबांनी काढल्या. हे जसेच्या तसे खरे नाही. १९५० मध्ये ते कायदामंत्री होते, मजूर खाते दुसऱ्याकडे होते. बाबासाहेबांच्या नावावर जे नाही ते चिकटवायची आपल्याला गरज नाही, आणि विरोधकाच्या हातात ते कोलीत देण्याचीही नाही. जे खरे आहे तेच पुरेसे मोठे आहे. ज्या खात्यातून आय.टी.आय. जन्मल्या, त्या खात्याची घडी बसत असताना त्याचा कारभार त्यांच्या हातात होता. कामगाराचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक त्यांनी १९४६ मध्ये मांडले. कोळशाच्या खाणीत ते स्वतः उतरले. मालक, कामगार आणि सरकार यांना एका टेबलाशी बसवण्याची रीत त्यांनी रुळवली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हुन्नर हा जन्माने मिळणारा वारसा नाही, तो राज्याने शिकवायचा, तपासायचा आणि मान्य करायचा असतो, हा विचार त्यांनी सरकार दरबारी सतत लावून धरला.

पुढे घटना आली. कोणताही धंदा करण्याचे स्वातंत्र्य १९ व्या कलमात आले, वेठीला बंदी २३ व्या कलमात आली, दुर्बल घटकांचे शैक्षणिक आणि आर्थिक हित जपण्याचे बंधन ४६ व्या कलमात आले. विणाई खात्याच्या दारातला अनुभव या कलमांच्या मागे उभा आहे. १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा दिली आणि ६ डिसेंबर १९५६ ला ते आपल्यातून गेले.

दाखल्याची किंमत

त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर पाच वर्षांनी संसदेने शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ मंजूर केला. आमच्याकडे आलेल्या पोराच्या प्रश्नाचे उत्तर याच कायद्याच्या कलम ६ मध्ये आहे. राष्ट्रीय परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेत शिकून जो ट्रेडची परीक्षा पास झाला, त्याच्या शिकाऊ उमेदवारीचा काळ वेगळा ठरतो. ज्याने काहीच शिक्षण घेतलेले नाही त्याचा काळ वेगळा. म्हणजे शाळेतली वर्षे जमेस धरायची हे कायद्याने मान्य केले आहे. फिटरची दोन वर्षे आय.टी.आय.मध्ये झालेल्या मुलाची कारखान्यातली उमेदवारी साधारणतः एक वर्षाची. शेवटी परीक्षा आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र. १९७३ च्या दुरुस्तीने कलम ३-अ घातले गेले आणि अनुसूचित जाती-जमातींना शिकाऊ उमेदवारीच्या जागा राखीव झाल्या. बाबासाहेबांनी १९४२ च्या निवेदनात छापखान्यापुरते आणि रेल्वेपुरते मागितले होते ते ३१ वर्षांनी कायद्यात आले. १९८६ च्या दुरुस्तीने बारावीच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाची मुलेही या कायद्यात आली. २०१९ च्या नियमांनी ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक केले. लोटे-परशुरामपासून मिरजोळ्यापर्यंत आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक औद्योगिक वसाहतीला हे लागू आहे.

मग अडते कुठे? जिथे १९२८ मध्ये अडत होते तिथेच. कायद्यात बंदी नाही, पण दारात उभा असलेला माणूस सांगतो की तुझा दाखला इथे चालत नाही. धोट्याऐवजी आता अनुभव हा शब्द आला आहे. शाळेत शिकलेले धरायचे नाही आणि कामावर शिकवायचे नाही, असा तो डाव आहे. दाखल्याला किंमत नसेल, तर मग मशीनवर कोण उभा राहणार हे ओळख ठरवते, आणि ओळख आपल्या समाजात बहुतेक वेळा जातीच्या वाटेने चालते. म्हणून शाळेतल्या दोन वर्षांची जमा हा कारकुनी विषय नाही. बाप सुतार नसलेल्या, मामा मिस्त्री नसलेल्या पोराला हुन्नराच्या घरात शिरायचा तो एकमेव परवाना आहे.

आमच्या समाजबांधवांनी काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. शिकाऊ उमेदवारीचा करारनामा लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. प्रशिक्षणाशी संबंध नसलेल्या कामाला शिकाऊ उमेदवाराला जुंपणे हा कलम ३० खाली गुन्हा आहे. तक्रार शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे करायची, त्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत अपील. आणि करारनामाच केलेला नसेल तर मालकाला त्याला शिकाऊ म्हणण्याचा अधिकार उरत नाही. मग तो कामगार आहे आणि त्याला किमान वेतन मागता येते. उमेदवारी संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असे बंधन मालकावर नाही, हे खरे. पण १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सांगितले आहे की बाकी गोष्टी समान असतील तर प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला थेट आलेल्यापेक्षा पसंती मिळावी. मंडणगडच्या पोराचा अर्ज आम्ही याच पायावर केला आहे. तो अजून चालू आहे.

आणि दोन शब्द आपल्याच घराला. आपल्यात आय.टी.आय.ला जाणारा मुलगा म्हणजे नापासांतला, अशी एक समजूत रुजली आहे. साहेब होण्याच्या नादात आपण कारागिराला कमी लेखतो. ज्या हुन्नराच्या दारासाठी बाबासाहेब बारा वर्षे सरकारशी भांडले, ते दार उघडल्यावर त्यात शिरायची आपल्याला लाज वाटावी, हे चुकीचे आहे. पण दुसऱ्या बाजूचा धोकाही ओळखला पाहिजे. आमच्या पोरांनी पाने फिरवायची आणि त्यांच्या पोरांनी इंजिनीअर व्हायचे, अशी नवी वाटणी कौशल्याच्या नावाने कोणी करू पाहत असेल, तर ती जुनीच वर्णव्यवस्था नव्या गणवेशात आहे. बाबासाहेबांनी १९४२ च्या निवेदनात परदेशी शिक्षण आणि वर्कशॉपमधली उमेदवारी एकाच पानावर मागितली, ती याच कारणाने. शाळेतली वर्षे कारखान्यात जमा झाली पाहिजेत आणि कारखान्यातली वर्षे पुन्हा कॉलेजात जमा झाली पाहिजेत. दहावीनंतर दोन वर्षांची आय.टी.आय. केलेल्या मुलाला आज पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मागता येतो. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शाळा, धंदेशिक्षण आणि कॉलेज यांची जमा एका खात्यात धरायचे तत्त्व मान्य केले आहे. तत्त्व कागदावर आहे. ते लोट्याच्या गेटवर आणि कॉलेजच्या खिडकीवर वसूल करून घेणे हे चळवळीचे काम आहे.

आपल्या विहारांतून मुलांना वंदना शिकवली जाते, ती शिकवलीच पाहिजे. त्याबरोबर दर वर्षी आय.टी.आय. पास झालेल्या पोरापोरींची एक यादी विहारात लागावी. कोणाला उमेदवारी मिळाली, कोणाचा करारनामा झाला, कोणाची दोन वर्षे बुडवली, हे त्यात लिहावे. तालुक्यातल्या एका वकिलाने आणि एका जुन्या फिटरने महिन्यातून एक रविवार त्यासाठी द्यावा. आम्ही आमचा रविवार देतो आहोत. आंबडव्याच्या स्मारकाला हार घालून परत येताना वाटेत एखाद्या पोराचा करारनामा तपासून दिला, तर त्या हाराला अर्थ येईल.

जयभीम!